हराळीसाठी कर्ज

मराठवाड्यात माणसाला पुढच्या आठवड्याचं काही विचारलं, तर तो आधी आभाळाकडे बघतो आणि मग उत्तर टाळतो. बँक त्याला पुढच्या पाच वर्षांचं विचारते, तेही रुपयांत, आणि खाली सही घेते. कापूस दिवाळीला घरात येईल की बोंडातच भिजेल हे ज्या जिल्ह्यात कुणी सांगू धजत नाही, तिथे ‘चौथ्या वर्षीचा अंदाजित निव्वळ नफा’ हा रकाना भरायचा असतो. आणि तो भरला जातो. परभणीत दरवर्षी शेकड्याने भरला जात असेल. मी अजून एकही असा प्रकल्प अहवाल पाहिलेला नाही, ज्यात चौथ्या वर्षी नफा तिसऱ्या वर्षापेक्षा कमी झाला आहे.

प्रत्येक घराण्यात एक लिहिता माणूस असतो. लग्नपत्रिकेत कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली हे ठरवणं, सोसायटीच्या चेअरमनला अर्ज करणं, वारलेल्या माणसाबद्दल चार बरे शब्द शोधणं ही कामं त्याच्याकडे येतात. आमच्याकडे तो मी. त्यामुळे भाच्याने लॅण्डस्केपिंगची कंपनी काढायचं ठरवलं तेव्हा भांडवलाच्या आधी त्याला मी आठवलो. “मामा, बँकेला प्रोजेक्ट रिपोर्ट पाहिजे. तुम्ही फक्त भाषा बघा. आकडे माझे मी टाकतो.” धंद्यातली सगळी गोम या शेवटच्या वाक्यात होती.

पोरगं हुशार आहे. कृषी विद्यापीठाच्या उद्यानविद्या महाविद्यालयातून शिकलंय. हे विद्यापीठ परभणीला १९७२ साली आलं, म्हणजे नेमकं दुष्काळाच्या वर्षी. त्याने ज्वारीला ‘परभणी मोती’ दिला, भेंडीला ‘परभणी क्रांती’ दिली. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आम्ही जे छाती काढून म्हणतो, त्याला निदान भेंडीपुरता तरी आधार आहे. अशा ठिकाणी शिकलेल्या पोराने शेतीतलं काही काढावं, एवढीच त्याच्या बापाची अपेक्षा होती. पोराने काढलं लॉन.

दाजींचं रान मानवत तालुक्यात. काळी कसदार जमीन, कापूस आणि सोयाबीन. त्यांना मी नीट समजावून सांगितलं, की बंगल्यापुढे, दवाखान्यापुढे, शाळेपुढे गवत लावून द्यायचं, ते कापायचं, त्याला पाणी घालायचं, आणि या कामाचे लोक पैसे देतात. दाजींनी शांतपणे विचारलं, “गवत कंचं?” भाच्याने मोबाइलवर फोटो दाखवला. दाजींनी तो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

“अरे, ही तर हराळी हाय.”

होती हराळीच. जातिवंत, बारीक पानाची, गालिच्यासारखी वळकटी करून विकली जाणारी, पण कूळ तेच.

“जन्म गेला आमचा हराळी खंदण्यात,” दाजी म्हणाले. “आज्यानं खंदली, बापानं खंदली. बाया लावल्या, औषध फवारलं, तरी बांधावरून आत येतीच. आन् ह्यो लावायला कर्ज काढायलाय!”

या मुद्द्याला कुठल्याच प्रकल्प अहवालात उत्तर नसतं. काळ्या रानात हराळी फुकट येते आणि काढायला मजुरी लागते. शहरात, वसमत रोडवर, ती विकत आणावी लागते आणि टिकवायला मजुरी लागते. दोन्हीकडे मजुरी माळ्याला किंवा खुरपणाऱ्या बाईला जाते, आणि हराळीला यातलं काही माहीत नसतं.

दाजींचा पुढचा प्रश्न जास्त व्यवहारी होता. “याला माफी बसंल का?” २००८ ची कर्जमाफी त्यांनी पाहिली होती, २०१७ ची पाहिली होती, २०१९ ची पाहिली होती. धंद्याच्या कर्जाला माफी नसते, असं सांगितल्यावर त्यांचा चेहरा असा झाला, जणू हे कर्ज नसून दंड आहे.

तर, अहवाल. कागदपत्रं करून देणाऱ्या एका सल्लागाराकडून भाच्याने आधी एक नमुना आणला होता. या लोकांकडे एकच फाइल असते. त्यात धंद्याचं नाव बदललं, की नवा धंदा उभा राहतो. ती मूळची मिरची कांडप यंत्राची असावी, कारण ‘बागकाम सेवा’ या शीर्षकाखाली सातव्या पानावर ‘कच्चा माल कोरड्या जागी साठवावा, ओल लागल्यास बुरशी येते’ अशी सूचना होती. ‘उपपदार्थ’ या सदरात देठ आणि बिया. ‘बाजारपेठ’ या सदरात लिहिलं होतं, की परभणीतील प्रत्येक घर हे संभाव्य ग्राहक आहे. मिरचीच्या बाबतीत हे वाक्य शंभर टक्के खरं आहे.

ते आम्ही पहिल्यांदा खोडलं. परभणीत बाग कुणाला हवी असते? डॉक्टरला हवी असते, कारण पेशंटला बाहेर बसवायचं असतं. इंग्रजी शाळेला हवी असते, कारण माहितीपत्रकावर हिरवा फोटो लागतो. मंगल कार्यालयांना हवी असते. जिंतूर रोड घ्या की गंगाखेड रोड, कमानीवर ‘लॉन्स’ लिहिलंय आणि आत एका मोसमात हजारो माणसं पंगतीला बसून, उठून, त्यावरून चालून, खुर्च्या ओढून जातात. उन्हाळी लग्नसराई संपली की तिथे उरतं ते गवत नव्हे, गवताची आठवण. हे गिऱ्हाईक चांगलं, कारण त्याला दर पावसाळ्यात नवं लॉन लागतं. वाईट एवढ्यासाठी, की त्याची बाग मरणार हे दोन्ही पक्षांना आधीच माहीत असतं, म्हणून तो भाव पाडून मागतो.

आणि प्लॉटिंगवाले. शहराच्या बाहेर जिथे काल तूर होती तिथे आज सिमेंटची कमान आणि कमानीच्या दोन्ही अंगांना दोन बॉटल पाम. हे पाम बहुतेक आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून ट्रकने येतात. देशभरच्या बागा तिथल्या नर्सऱ्यांवर चालतात. पाम आले, की प्लॉट विकले जातात. प्लॉट विकले गेले, की पाम वाळतात. मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. भाच्याने गुगल नकाशावरून या सगळ्या मोकळ्या जागांची बेरीज केली आणि त्याला एवढी मोठी बाजारपेठ दिसली, की त्याला रात्री झोप येईना. मी त्याला म्हटलं, जाऊन बघ. तो गेला आणि बघून आला. बऱ्याच ठिकाणी मोकळ्या जागेत आधी हनुमानाचं मंदिर झालं होतं आणि उरलेल्या जागेत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या लावल्या होत्या.

सरकारी कामाचा विषय मी एका ओळीत संपवला. २०१९ साली राज्यात तेहेतीस कोटी झाडं लावायची मोहीम झाली, त्या वर्षी खड्डे खणणाऱ्याचं बरं झालं. पण बिल मार्चअखेर निघतं आणि हप्ता दर महिन्याला असतो.

मग पाणी. इथे मी भाच्याला आकडे टाकू दिले नाहीत, कागद पुढे ओढला. मे महिन्यात परभणीचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो. अशा उन्हात गवताला जिवंत राहायला रोज निदान पाच-सहा मिलिमीटर पाणी लागतं. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. हजार चौरस फुटांचं लॉन म्हणजे साधारण त्र्याण्णव चौरस मीटर, म्हणजे दिवसाला पाचशे लिटरच्या आसपास. आता दुसरा आकडा बघा. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या माणसाला दिवसाला पंचावन्न लिटर पाणी द्यायचं ठरलंय. म्हणजे ज्याने दारात हजार फूट लॉन लावलं, त्याने घरात नऊ माणसं वाढवली. तीही अशी माणसं, की जी काही काम करत नाहीत, शिकत नाहीत, लग्न करून परगावी जात नाहीत आणि ऐन उन्हाळ्यात सगळ्यात जास्त पितात. पाच हजार लिटरचा टँकर त्यांना दहा दिवस पुरतो.

परभणी शहरात नळाला रोज पाणी येत नाही, हे इथल्या माणसाला सांगायला नको. येलदरी धरण भरलं तरी येत नाही, नाही भरलं तरी येत नाही. शेजारच्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात हराळीच्या कर्जाचा अर्ज करताना पाण्याचं एक अक्षरही न लिहिलेला अहवाल मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो, आणि सल्लागाराने त्याचे पैसे घेतले होते.

“मग काय लिहू मामा? पाणी नाही म्हणून लिहू? कर्ज मिळंल का?”

“असं लिही, की आम्ही हराळी कमी लावू.”

ही सूचना त्याला आवडली नाही. पण पोराला विषय येत होता. एकदा ठरल्यावर त्याने दोन दिवस बसून चांगली यादी केली. बोगनवेल, कण्हेर, सोनचाफ्याऐवजी देवचाफा, कोरफड, घायपात, कडेला कडुनिंब, आणि लॉन फक्त बसण्याच्या जागेपुरतं, तेही ठिबकवर. काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते आणि पावसात फुगते, त्यामुळे ती फूटभर काढून खाली मुरूम, वर लाल माती आणि शेणखत, याचा खर्च त्याने वेगळा दाखवला. तो वाचताना मला पहिल्यांदा वाटलं, की याला हा धंदा येतो.

योजनांचा भाग मात्र साहित्याच्या पलीकडचा आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात सर्वसाधारण गटातल्या माणसाला शहरात पंधरा टक्के अनुदान आणि ग्रामीण भागात पंचवीस टक्के. एवढं वाचलं, की परभणीतला कुठलाही नवउद्योजक रातोरात गावाकडे परततो. महात्मा गांधींनी आयुष्यभर ‘खेड्याकडे चला’ म्हणून सांगितलं ते त्या दहा टक्क्यांच्या फरकाने साधलं. भाच्याचं ऑफिस आता कागदोपत्री दाजींच्या आखाड्यावर आहे. दारात बैल, आत संचालक मंडळ. योजनेत आणखी एक गंमत आहे. अनुदानाची रक्कम लगेच हाती देत नाहीत. तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून पडून राहते आणि धंदा जागेवर आहे की नाही याची तपासणी होते. किराणा दुकान तपासायला अवघड नसतं. तीन वर्षांनी लॉन तपासायला येणारा माणूस जूनमध्ये यावा, एप्रिलमध्ये येऊ नये, एवढी प्रार्थना आम्ही अहवालात लिहिली नाही.

शुद्ध शेतीला ही योजना नाही, त्यामुळे ‘हे शेती आहे की सेवा?’ असा प्रश्न प्रत्येक खिडकीवर निघाला. रोप विकलं तर जीएसटी शून्य. तेच रोप खड्डा करून लावून, आजूबाजूला दगड रचून, बाग म्हणून दिलं, की अठरा टक्के. झाड तेच, मातीत गेलं की महाग.

सिबिलचं तर विचारूच नका. कर्जदाराची पत सांगणारा हा आकडा तीनशे ते नऊशेच्या मध्ये असतो. भाच्याचा निघाला वजा एक. मी घाबरलो. मग कळलं, की ज्याने जन्मात कधी कर्जच काढलं नाही, त्याची नोंद अशीच येते. पोराने आजवर कुणाचा रुपया बुडवला नाही, उधारीवर पानसुद्धा खाल्लं नाही, आणि त्याची लायकी शून्याच्याही खाली. त्याच्या चुलतभावाने तीन गाड्या हप्त्यावर घेतल्या, एक ओढून नेली, तरी त्याच्या नावापुढे पाचशेच्या वर काहीतरी आहे.

अहवालात बलस्थानं, उणिवा, संधी आणि धोके असे चार चौकोन असतात. ‘धोके’ या चौकोनात भाच्याने लिहिलं होतं, ‘वाढती स्पर्धा’. मी ते खोडून ‘शेळ्या’ असं लिहिलं. हसू नका. मराठवाड्यातली उस्मानाबादी शेळी ही तिच्या चिवटपणासाठी देशभर ओळखली जाते आणि कोवळ्या कुंपणावर तिचा विशेष जीव. माझ्या माहितीत स्पर्धेने खाल्लेली बाग एकही नाही.

आणि नफ्याचं पान. सल्लागाराच्या फाइलमध्ये विक्री दरवर्षी बरोबर पंधरा टक्क्यांनी वाढत होती, जून असो की मे. मी विचारलं, मे महिन्यात कोण लॉन लावतं? कुणी नाही. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत नवं काम बंदच. मग हप्ता कशातून? नऊ लाख रुपये अकरा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर महिन्याला साडेएकोणीस हजारांच्या वर हप्ता येतो. त्याला उत्तर एकच होतं, देखभालीचं काम. महिन्याला दीड हजार देणारी तेरा घरं मिळाली, तर हप्ता जवळजवळ सुटतो. माळ्याचा पगार धरला, तर सव्वीस. भाचा म्हणाला, “मामा, देखभालीला कुणी पैसे देत नाही. लोक म्हणतात, लावलंय ना एकदा!”

हे मात्र खरं, आणि फक्त परभणीचं नाही. पैठणला जायकवाडीच्या भिंतीखाली म्हैसूरच्या वृंदावनाच्या धर्तीवर संत ज्ञानेश्वर उद्यान केलं. शाळेच्या सहली तिथे जात, कारंजी बघत. मग कैक वर्षं त्याची रया गेली. शेजारी धरणाचा अख्खा नाथसागर, ज्याचा डावा कालवा तिथून निघून आमच्या जिल्ह्यापर्यंत येतो. बागेला पाणी कमी पडलं असं कुणीच म्हणणार नाही. कमी पडला तो रोज सकाळी कात्री घेऊन येणारा माणूस. उद्घाटनाला मंत्री मिळतो. छाटणीला मिळत नाही.

म्हणून आम्ही एक पान नवं लिहिलं. सव्वीस घरांची नावं, पत्ते, अंगणाचं माप, आणि ‘मी दरमहा इतके रुपये देईन’ या वाक्याखाली सही. भाचा महिनाभर वसमत रोडवर दारोदार हिंडला. सव्वीस काही झाली नाहीत. सतरा झाली. त्यातली दोन माझ्या ओळखीची आणि एक माझं स्वतःचं, तिथे अंगण नाही, तुळस आहे.

बँकेत साहेब नवेच आले होते, बदली होऊन, आंध्रातून. पूर्वी इथे हैदराबाद बँक होती तेव्हा तेलुगू साहेब परभणीला नवे नव्हते. ती बँक २०१७ ला स्टेट बँकेत गेली तरी म्हातारी माणसं अजून ‘हैदराबाद’च म्हणतात. साहेबांनी अहवालाचा गठ्ठा हातावर तोलला. पाच वर्षांच्या नफ्याची पानं बोटाने एकदम उलटली. झाडांच्या कोटेशनवर मात्र थांबले.

“ये बॉटल पाम का रेट किसने दिया?”

भाच्याने सांगितलं. साहेब हसले. त्यांचं गाव राजमहेंद्रीकडे, कडियमच्या वाटेवर. गोदावरी आमच्या गंगाखेडवरून जी जाते, ती पुढे त्यांच्याकडे. लहानपणापासून त्यांनी नर्सरीच पाहिलेली. त्यांनी पेन काढलं, दर खोडला आणि जवळजवळ अर्धा करून लिहिला. मग ‘वर बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र’ खोडलं. हे यंत्र दाजींना फार आवडलं होतं, कारण ते ट्रॅक्टरसारखं दिसत होतं. परभणीत एवढी मोठी बाग साहेबांनी पाहिली नव्हती आणि आम्हीही नाही.

एवढ्या छोट्या कर्जाला तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. साहेबांनी तारण मागितलं नाही. फक्त दाजींकडे बघून विचारलं, की जमीन किती, कुणाच्या नावावर, आणि पाणी कशाचं. दाजींनी सांगितलं. एवढ्या वेळात खोलीत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना कळणारा प्रश्न विचारला होता. त्यांनी विहीर, बोअर, कालव्याची पाळी, सगळं सविस्तर सांगितलं. साहेबांनी ते मन लावून ऐकलं, आणि मी भाषेवर घेतलेल्या मेहनतीचं कुणी नावही काढलं नाही.

मग साहेबांनी सह्यांचं पान काढून बाजूला ठेवलं. सतरा नावं वाचली. तिघांना तिथूनच फोन लावून ‘आप सच में पैसे देंगे क्या?’ असं विचारलं. दोघं हो म्हणाले. तिसऱ्याने फोन उचलला नाही.

कर्ज मंजूर झालं. मागितलं होतं त्याहून बरंच कमी, पण झालं. हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला आहे. तेव्हा परभणीत ज्यांनी त्या कागदावर सही केली आहे त्यांना एक विनंती. पैसे पाच तारखेच्या आत द्या, अंगणात एक टाकी पाणी राखून ठेवा आणि शेळी बांधून घाला. नवं लॉन लावायचं असेल, तर पहिला चांगला पाऊस पडल्यावर फोन करा. एप्रिलमध्ये करू नका. पोरगं गरजू आहे, हो म्हणेल.